विषय : ‘क्रॉनिक’ या एका शब्दावरून नाकारलेला माझ्या वडिलांचा दावा

मा. दावे विभागप्रमुख,

आज तुमच्या कॉल सेंटरशी सहाव्यांदा बोललो. आता लेखी देतो आहे.

दावा नाकारल्याच्या पत्रात कारण एका ओळीचं आहे : ‘आजार पॉलिसीपूर्वीचा.’ पॉलिसी ऑगस्ट 2023 ची. ऑक्टोबर 2024 मध्ये दिवाळीची साफसफाई करताना माळ्याच्या दाराचा कोपरा बाबांच्या डोक्याला लागला. टेंगूळ आलं, हळद लावली, विसरून गेलो. डिसेंबर उजाडला तशी त्यांच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. चप्पल मागे राहायची, बाबा तसेच पुढे जायचे, त्यांना कळायचंही नाही. मग शब्द अडायला लागले. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, आवरणाखाली साचलेलं रक्त दिसलं. त्याच रात्री कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं आणि उरलेलं निचरून जावं म्हणून नळी ठेवली.

डिस्चार्ज कार्डावर ‘क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा’ लिहिलं आहे. सबड्यूरल हिमॅटोमा म्हणजे हेच आवरणाखालचं रक्त; या निदानात क्रॉनिक म्हणजे साधारण तीन आठवड्यांहून जुनं रक्त. वयोमानाने मेंदू थोडा आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, किरकोळ माराने एखादी फाटते आणि रक्त हळूहळू साचत जातं. म्हणून त्रास दीड महिन्याने दिसला. आरोग्यविमा विकणाऱ्या कंपनीला हे मी सांगायचं?

आजच्या फोनवर काय झालं ते वाचा. तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “सर, क्रॉनिक म्हणजे जुना आजार.” मी विचारलं, किती जुना? “ते लिहिलेलं नाही, पण क्रॉनिक आहे ना.” माराची तारीख केसपेपरवर आहे, तो पान तीनवर जोडला आहे, असं सांगितलं. “सिस्टिममध्ये क्रॉनिक दिसतंय, सर.” तुमच्या डॉक्टरांशी बोलू द्या म्हटलं, तर 22 मिनिटं होल्डवर ठेवलं. परत आल्या आणि म्हणाल्या, “या वयात असं व्हायचंच, सर. क्रॉनिकचा अर्थ तुम्ही गूगल करून बघा.”

फोन स्पीकरवर होता. बाबा पलंगावर बसले होते, डोक्यावरचे टाके अजून ओले. त्यांनी एवढंच विचारलं, “माझ्यामुळे पैसे अडकले का रे?”

त्याआधीच्या फोनवर दुसरी हरकत होती : अर्ध्या तासाच्या ऑपरेशनला पाच दिवस कशाला? नळी दोन दिवस होती म्हणून. केंब्रिजमध्ये 215 रुग्णांवर झालेला अभ्यास 2009 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नळी ठेवलेल्यांत 9.3 टक्के, न ठेवलेल्यांत 24 टक्के जणांना रक्त पुन्हा साचल्याने परत ऑपरेशन लागलं. आमच्या सर्जननी नळी ठेवली ती बाबांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागू नये म्हणून. त्या दोन दिवसांत बाबांना सपाट झोपवून ठेवलं होतं, उशीही दिली नव्हती.

पुन्हा लिहितो, कारण सहा वेळा सांगून कुणी नोंदवलेलं नाही : पॉलिसी ऑगस्ट 2023, मार ऑक्टोबर 2024.

2,38,000 रुपये मी उसने घेऊन भरले. दावा मेंदूच्या शस्त्रक्रियेची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि त्यांच्या सहीनिशी लेखी उत्तर द्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात जाणार आहे. आईची पॉलिसीही तुमच्याकडेच आहे, मीच आग्रहाने घ्यायला लावली होती. ती मुदत संपताच दुसरीकडे नेतो.

सोबत : केसपेपर, सीटी स्कॅनचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड. तिसऱ्यांदा.

पॉलिसीधारकाचा मुलगा