इमारतीचे कर्ज फेडणार कोण?

महोदय,
विद्यापीठांनी अनुदानाची वाट न पाहता इमारतींसाठी कर्ज उभारावे, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार वित्त व लेखा समितीच्या शिफारशीवरून व्यवस्थापन परिषदेला कर्ज घेता येते. मात्र शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा गहाण टाकता येत नाही. मग परतफेडीची भिस्त उरते मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर. २००४ साली स्थापन झालेले आपले सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्याचे, म्हणजे शुल्क भरणारेही मर्यादितच. हप्त्याचा भार अक्कलकोट, मंगळवेढ्यात परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलांवरच येणार, ज्यांतील अनेकांनी विद्यापीठाचे केगावचे संकुल पाहिलेलेही नसते! वसतिगृहासाठी कर्ज समजू शकते, त्याला भाडे तरी येते. प्रशासकीय इमारतीसाठी ते मुळीच नको. असा प्रस्ताव आलाच, तर व्याजदर, मुदत आणि हप्त्यांची तरतूद आधी विद्यापीठाच्या अधिसभेपुढे (सिनेटपुढे) मांडावी.

– एक पालक, सोलापूर