फासे बदलले ते बरंच झालं

संपादक महाशय,

'ड्रॉ स्टील' या अमेरिकन टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायचा खेळ) डिसेंबर २०२३ मध्ये क्राउडफंडिंग, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करणं, सुरू झालं आणि लोकांनी ४० लाख डॉलरच्या वर पैसे दिले, तेव्हा नियम होता की सहा बाजूंचे दोन फासे टाका आणि थेट डॅमेज, म्हणजे शत्रूला किती इजा झाली ते मोजा, वार चुकायचाच नाही. मग टेस्टिंग करता करता तो गाभाच बदलला, आता दहा बाजूंचे दोन फासे, बेरीज ११ पर्यंत असेल तर कमी परिणाम, १२ ते १६ मधला, १७ पासून पुढे जोरदार. आधी पैसे घेतले आणि मग गेम बदलला असं कुणी म्हणेल, पण मला ते अजिबात पटत नाही, कारण वार फुकट जात नाही हा मूळ शब्द गेम बनवणाऱ्यांनी पाळलाय. खेळून बघून चुकीचं वाटलं तरी तेच छापायचं का?

– एक वाचक, पुणे