रिट्रेंचमेंट म्हणजे रिटायरमेंट नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या पेपरात एका कारखान्याच्या बातमीत ‘रिट्रेंचमेंट’, म्हणजे कामगार कपात, हा शब्द तीनदा आलाय आणि अर्थ एकदाही दिलेला नाही, म्हणून लिहायला बसलो. हाच शब्द २०२३ ला आमच्या घरात आला होता. माझे दाजी शिरोलीला एका फौंड्रीत मोल्डिंगला होते, १४ वर्षं. एक दिवस शिफ्ट सुटताना हातात इंग्रजी पत्र दिलं, दोन कागदांवर सह्या घेतल्या, आणि चहाच्या गाड्यावर चार जणांनी ते पत्र वाचून एकच सांगितलं की रिटायरमेंट लिहिलंय. ४६ वर्षांचा माणूस घरी येऊन ताईला सांगतो, मला लवकर रिटायर केलं! ताईनं ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलेलं, मी रविवारी गेलो तेव्हा बघितलं, तर शब्द होता रिट्रेंचमेंट.

तेव्हापासून या शब्दाच्या मागंच लागलो. मूळ फ्रेंच आहे, ‘त्रांशे’ म्हणजे कापणं, त्याच्या आधी ‘रे’ लागून झालं छाटून टाकणं. ट्रेंच पण त्यातलाच, जमीन कापून काढलेली चर, म्हणजे काळम्मावाडीच्या पाईपलाईनसाठी मारलेला ट्रेंच आणि दाजींच्या पत्रातला शब्द एकाच घरातले. रिटायर पण फ्रेंचातूनच आलाय पण त्याचं मूळ ‘तिरे’, म्हणजे ओढणं, त्यावरून मागं सरणं, माघार घेणं. एकात माणूस मागं सरतो, दुसऱ्यात त्याला कापतात, आणि कानाला दोन्ही सारखेच लागतात.

इंग्रजीत हा शब्द साधारण ४०० वर्षांपूर्वी आला, खर्च छाटणं हा अर्थ अजून आहे, घरखर्च आवरला तरी ते लोक रिट्रेंच म्हणतात. आपल्याकडं त्याला काटकसर हा वेगळा शब्द आहे आणि माणसं कमी केली तर कपात. पाणीकपात म्हटलं की शेंबडं पोर पण समजतं, मग कामगार कपात लिहायला काय हरकत आहे?

अर्थ कळायलाच पाहिजे, कारण यात पैसा अडकलेला असतो. दाजींच्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षा म्हणून नाही तर बाकी कारणानं मालकानं काढलं तर ती रिट्रेंचमेंट, सलग वर्षभर काम झालेल्याला १ महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. दाजींचे २१० दिवस होत होते, ग्रॅच्युइटी वेगळी. सही घेतलेल्या दुसऱ्या कागदावर ‘सगळा हिशेब मिळाला’ असं छापलेलं. अर्ज केले, वकील गाठला, चकरा मारल्या, तेव्हा कुठं आठ महिन्यांनी पैसे हातात आले, तोवर ताईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

ले ऑफचं पण तसंच, तुमच्या बातमीत दोन्ही एकच धरलंय. ले ऑफमध्ये काम तात्पुरतं बंद असतं, मस्टरवर नाव राहतं. रिट्रेंचमेंटमध्ये नावच जातं.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात चहाच्या टायमाला तुमचाच पेपर हातोहात फिरतो. पुढच्या वेळी हा शब्द छापताना शेजारी ‘कामगार कपात’ एवढं लिहा आणि वर्षामागं १५ दिवसांचा हिशेब चौकटीत द्या, ही कळकळीची विनंती.

आपला नेहमीचा वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर