मालवणहून मंजूला

मालवण, जानेवारी

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

"मासळीबाजार तो मासळीबाजार, दादर काय नि मालवण काय!" असं तू फोनवर ठणकावलंस. तेव्हा गप्प बसले, कारण बोलण्यात तुला कोण हरवणार? आता कागदावर ऐक.

इथला बाजार मार्केटात नाही, चिवला किनाऱ्याच्या वाळूत सुरू होतो. उजाडता उजाडता होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला लागते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं जुंपतात. ही रापण. टाच वाळूत रोवायची, मागे रेलायचं, रांगेच्या शेवटी पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याकडे जायचं. दोन्ही रांगा इंचाइंचाने जवळ येतात. माणसं गाबीत समाजाची. रापण एकट्याची नसते, मिळेल त्यात सगळे वाटेकरी. परक्याने मनापासून ओढलं तर त्यालाही कालवणापुरते चार मासे देतात. पर्यटक ओढतात ते मोबाइल समोर असेपर्यंत. मी मात्र शेवटपर्यंत ओढलं हं, तळहात अजून हुळहुळतायत.

जाळं वर आलं तेव्हा तारल्याच तारल्या. बांगडे थोडे, दोन-चार सौंदाळे, आणि टम्म फुगून बसलेला एक केंड. तो एका पोराने पायानेच पाण्यात ढकलला. लगेच बायका पुढे सरसावल्या. तराजू नाही, काटा नाही. ढिगावर एक नजर टाकायची नि आकडा बोलायचा. दुसरी त्यावर चढवते, तिसरी नुसती मान हलवते. मला काही कळायच्या आत सौदा मिटला होता आणि पाटी डोक्यावर चढलीसुद्धा. एवढ्या तारल्या दुपारच्या आत खपवायच्या, कारण हा मासा तेलकट, उन्हात टिकत नाही. तो हिशेब त्या एका नजरेतच झालेला असतो!

मार्केटात त्यांच्यातलीच एक बसली होती. समोर केळीच्या पानावर बांगड्यांचे वाटे. "काय होया गो ताई? रापणीचो आसा, बर्फातलो न्हय. हात लावन बघ." लावला. अंग ताठ, डोळा काचेसारखा, कल्ला उचलून बघितला तर लालभडक. घासाघीस करायला गेले, तर तिने शांतपणे माझा वाटा उचलून शेजारच्या काकांच्या पिशवीत टाकला. दुसरा वाटा मुकाट्याने सांगेल त्या भावात घेतला. पलीकडच्या बाईने तो आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून साफ करून दिला; डोकं, आतडं, दोन बाजूंना तिरक्या चिरा, आणि हे सगळं शेजारणीशी तिच्या सुनेबद्दल बोलता बोलता.

बांगडे एवढे कमी का, विचारलं तर चिरा देणारा हात पहिल्यांदा थांबला. रापण म्हणजे मासा किनाऱ्याकडे येईल तेव्हा धरायचा. पर्ससीन नावाच्या मोठ्या जाळ्याचे बोटवाले भर समुद्रात अख्खा थवाच वेढून उचलतात. रात्री एलईडीचे दिवे सोडून मासा गोळा करणारे वेगळेच. पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले, एलईडीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली. कागद झाले. पण इथले लोक अजूनही रात्री दूरवर दिवे दाखवतात आणि तक्रारी करत राहतात. मला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याला बारा महिने सुरमई हवी असते, त्याची किंमत इथे कुणीतरी मोजतं.

बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं घालून. तुझ्या आईचं तिखलं उत्तम असतं, पण तिला मासा असा कधी मिळालेला नाही, हे तिला सांगू नकोस.

मे संपायच्या आत ये. पावसाळ्यात रापण बंद, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर, दर्या निवळला की पुन्हा सुरू. येताना टोपी आण, आणि सुट्टे पैसे भरपूर.

तुझी,
शुभा