खोल्या मोजता, विहीर कोण मोजणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे महिना आला की कोकणातल्या पर्यटनाबद्दल दोन बातम्या ठरलेल्या: घाटात गाड्यांच्या रांगा आणि किनाऱ्यावर खोल्या फुल्ल. परसात चार-पाच खोल्या काढून न्याहारी-निवास चालवणाऱ्याचे दुखणे मात्र विहिरीत आणि शौचालयाच्या टाकीत आहे. त्याची सुरुवात, विचित्र वाटेल, पण मोबाईलवरच्या बुकिंगपासून होते.

हिशेब साधा आहे. खोलीचे भाडे २,५०० रुपये. बुकिंग कंपनीचे कमिशन २० टक्के धरले तर ५०० रुपये, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९० रुपये. हातात उरतात १,९१०. कंपनीच्या ‘सेल’मध्ये १५ टक्के सूट द्यायला मालकाने होकार दिला, तर ती सूट त्याच्याच खिशातून जाते आणि शिल्लक १,६२४ रुपयांवर येते. यातून चादरींची धुलाई, वीज, स्वयंपाकाच्या बाईंचा पगार आणि सकाळचे आंबोळी-घावन. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पाहुण्याला बरे झाले. पण त्यासोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय, गेले, त्यामुळे कमिशनवरचे ते ९० रुपये आता कुठेच वळते करता येत नाहीत. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने ज्याची नोंदणीच नाही, त्याला ते आधीही मिळत नव्हते.

शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी निघायचे, अशी आता पाहुण्यांची रीत. आठवड्यातल्या दोन रात्रींत सात दिवसांचा खर्च काढायचा, तर मालकाच्या हाती एकच उपाय राहतो: जादा गादी. दोघांच्या खोलीत तिघे-चौघे. पाच खोल्यांत १० ऐवजी १८ माणसे.

हॉटेलच्या एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी लागते, असे भारतीय मानकात धरले आहे. १८ जणांचे झाले ३,२४० लिटर, शिवाय घरच्या पाच माणसांचे सहा-सातशे. आता विहिरीकडे बघा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात एक मीटर पाणी असेल, तर ते सात हजार लिटर भरते. म्हणजे जेमतेम पावणेदोन दिवसांचे. रात्रीत झऱ्याने ते भरून काढले तर ठीक, नाहीतर रविवारी सकाळी, नेमके सगळे एकदम आंघोळीला उठतात तेव्हा, पंप गाळ ओढू लागतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पडणारे पाणी जांभ्यातून समुद्राला मिळून गेलेले असते.

देवबाग-तारकर्लीसारख्या वाळूच्या पट्टीवर प्रकरण आणखी नाजूक आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. दोन अश्वशक्तीचा पंप सलग तासभर चालवला की गोडे पाणी संपते आणि खालचे खारे वर चढते. साबणाला फेस येईनासा होतो, डाळ शिजायला वेळ लागतो. एकदा वर आलेले खारे पाणी पुन्हा खाली बसायला बहुधा पावसाळाच यावा लागतो. तिथे अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, पहाटे आणि रात्री थोडा थोडा वेळ, आणि साठवणीची टाकी मोठी, हेच चालते. मोठा पंप बसवणे म्हणजे आपलीच विहीर नासवणे होय.

शौचालयाच्या टाकीची गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही. २० माणसांच्या सेप्टिक टँकला मानकाप्रमाणे २.३ मीटर लांबी, १.१ मीटर रुंदी आणि दरवर्षी उपसा होणार असेल तर १.३ मीटर पाण्याची खोली लागते. दोन वर्षांनी उपसायची असेल तर १.८ मीटर. आपल्याकडे बहुतेक टाक्या घरच्या पाच-सहा माणसांच्या मापाने बांधलेल्या आहेत, आणि खोल्या वाढल्या तेव्हा नवे संडास त्यांनाच जोडले गेले. मैला तळाशी बसायला पाणी टाकीत किमान दिवसभर थांबावे लागते. शनिवारी तिप्पट पाणी येते तेव्हा ते थांबत नाही, न बसलेला मैला शोषखड्ड्यात ढकलला जातो आणि खड्डा तुंबतो. जांभ्याला भेगा असतील तर खड्डा तुंबतही नाही. हे जास्त वाईट, कारण मग ते पाणी विहिरीकडे जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत किमान १८ मीटर अंतर हवे, पण भेगाळ कातळात तेवढ्यानेही भागेल याची खात्री नसते. त्यात प्रत्येक पाहुण्यामागे संडासात ॲसिड ओतायची सवय. त्याने फरशी चकाकते आणि टाकीतले जिवाणू मरतात. मासे तळलेले तेल मोरीतून टाकीत गेले की वर साय धरते ती वेगळीच.

उपाय महाग नाहीत. मोरीच्या पाण्याला चरबी अडवणारा छोटा कप्पा आणि आंघोळीचे पाणी टाकीत न सोडता माडा-केळीच्या आळ्यात. जुन्या घरांत न्हाणीघराचे पाणी तसेच जायचे. एवढ्यानेच टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होतो. विहिरीत दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे वरच्या उदाहरणात अठरा ग्रॅम. पावडर थेट ओतू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर पंप लावू नये. उघड्या पिशवीतल्या पावडरीचा जोर महिन्याभरात उतरतो, म्हणून पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग आला का ते पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

बाकीचे मात्र एकट्या मालकाच्या हातात नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. केंद्राच्या न्याहारी-निवास योजनेत आजही मर्यादा सहा खोल्या, बारा खाटा अशीच मोजली जाते. आमची मागणी अशी की नोंदणी आणि नूतनीकरणाच्या वेळी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली विहिरीची पातळी आणि टाकीचे माप लिहून घ्यावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक दोरी आणि टेप घेऊन हे अर्ध्या तासात करू शकतो. त्यावरून माणसांचा आकडा ठरवावा, खोल्यांचा नव्हे, आणि बुकिंग कंपन्यांना त्या आकड्यापुढे जादा गादी विकता येऊ नये. त्यामुळे काही मालकांचे उत्पन्न घटेल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच थेट फोनवरून, सोमवार ते गुरुवार येणाऱ्यांना कमिशनएवढी सूट द्यायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

दुसरी मागणी मैला उपसणाऱ्या गाडीची. किनाऱ्यावरच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक गाडी घ्यावी. ती छोटी असावी आणि तिचा पाइप लांब असावा, कारण आमच्या पाखाड्यांत, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटांत, शहरातला टँकर शिरत नाही. उपसलेला मैला कुठे रिता करायचा, ती जागा गाडी घेण्याआधी ठरवावी. नाहीतर तो रात्री खाडीत जाईल.

कळावे,
न्याहारी-निवास चालवणारे काही जण,
मालवण तालुका