लॅपटॉपच्या जाहिरातीत रॅमचा पूर्ण तपशील हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॉलेजे सुरू होताना आणि दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात. रॅमपुढे (काम चालू असताना मशीन वापरते त्या तात्पुरत्या मेमरीपुढे) त्यांत एकच आकडा असतो, ८ जीबी किंवा १६ जीबी. कुठे कुठे तर '५१२ जीबी मेमरी' असे छापलेले असते. ती रॅम नव्हेच, फायली साठवण्याची एसएसडी. ग्राहकाला आणखी चार गोष्टी कळायला हव्यात: रॅम डीडीआर४ पिढीची आहे की डीडीआर५, मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, रिकामा स्लॉट आहे का, आणि जास्तीत जास्त किती जीबी बसते. जाहिरात घेतानाच या चार बाबी मागून घ्याव्यात, ही आपणास विनंती.

यातली सोल्डरची बाब सर्वांत महागात पडणारी. तपशिलात 'एलपीडीडीआर४एक्स' किंवा 'एलपीडीडीआर५' असे असेल, तर रॅम जवळजवळ नेहमीच बोर्डावर कायमची जोडलेली असते. आज ८ जीबी घेतली की पुढेही ८ जीबीच. सध्याच्या सर्व मॅकबुकमध्येही रॅम नंतर वाढवता येत नाही. काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी सोल्डर केलेली आणि सोबत एक स्लॉट, अशी रचना असते. ती चालण्यासारखी आहे, पण विकत घेण्याआधी माहीत हवी.

दुकानात हे दोन मिनिटांत तपासता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडावे. खाली स्पीड, 'स्लॉट्स यूज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' दिसतात. फॉर्म फॅक्टरपुढे 'एसओडिम' असेल तर स्टिक, म्हणजे रॅमची सुटी पट्टी, बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर नाही. स्लॉटच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये, कारण सोल्डर केलेल्या चिप्सही काही वेळा स्लॉट म्हणून मोजल्या जातात. खात्री करायची तर त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

किती घ्यावी? नव्या मशीनसाठी १६ जीबी, असे सरळ उत्तर आहे. विंडोज ११ची किमान अट ४ जीबीची असली तरी तेवढ्यावर काम करणे म्हणजे शिक्षाच. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेते, म्हणून ८ जीबीच्या मशीनवर वापरायला त्याहून कमी दिसते. अशा मशीनमध्ये १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतल्या तर ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याची सोय) चालू होते आणि ग्राफिक्सच्या कामात फरक ठळक जाणवतो. मात्र पुढे ३२ जीबी करायचा विचार असेल, तर आता १६ची एक घेऊन नंतर तशीच दुसरी घालणे शहाणपणाचे.

जुने मशीन संथ झाले की 'रॅम टाका' हा सल्ला लगेच मिळतो, पण तो अर्धवट आहे. मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवावी. रोजचे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तेव्हाच रॅमवर पैसे घालावेत. विंडोज १०ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि रॅम कितीही वाढवली तरी ती अट बदलत नाही. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरसाठी ३२ बिट विंडोज जपून ठेवलेल्या छापखान्यांत तर ८ जीबी बसवून उपयोग शून्य; ती विंडोज ४ जीबीपलीकडे वापरतच नाही.

स्टिक घेताना पिढी जुळलीच पाहिजे. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावला तर स्लॉट तुटतो, आणि त्याबरोबर मदरबोर्ड जातो. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, म्हणून प्रोसेसरचे नाव सांगून रॅम मागू नये, बोर्डाचे मॉडेल सांगावे. एएमडीचे एएम४ बोर्ड फक्त डीडीआर४ घेतात, एएम५ फक्त डीडीआर५. डीडीआर३च्या लॅपटॉपमध्ये आणखी एक मेख आहे: इंटेलच्या चौथ्या पिढीपासून पुढच्या अनेक मशीनना १.३५ व्होल्टची 'पीसी३एल' स्टिकच लागते, साधी १.५ व्होल्टची घातली तर मशीन सुरूच होत नाही.

लेबलवर 'पीसी४-३२००एए-एसए२' असे काही छापलेले असते. शेवटच्या गटाचे पहिले अक्षर पाहावे. एस म्हणजे लॅपटॉपची, यू म्हणजे साध्या डेस्कटॉपची, आर म्हणजे सर्व्हरची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, मोठ्या क्षमतेची डेस्कटॉप स्टिक अर्ध्या भावात कोणी देऊ लागला, तर हे अक्षर आधी वाचावे. आर असलेली स्टिक घरच्या डेस्कटॉपवर चालत नाही. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा अशा 'स्वस्त' मालाचा मोह वाढणारच.

वेगाच्या आकड्याला फार भुलू नये. ३२००ची स्टिक इंटेलच्या आठव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये २४०० किंवा २६६६ने चालते. बिघडत काही नाही, पण वेगासाठी जादा पैसे देऊ नयेत. वेगवेगळ्या वेगांच्या दोन स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही हळू असणारीच्या वेगाने चालतात. डेस्कटॉपवर उलटा घोटाळा होतो: ६०००ची महाग स्टिक बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो ही स्टिकचा छापील वेग लागू करणारी सोय चालू न केल्यामुळे वर्षानुवर्षे ४८००वरच चालत राहते. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात.

बसवताना मशीन बंद करून वायर काढावी, लॅपटॉपमध्ये बॅटरीचा कनेक्टरही सोडवावा आणि धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. लॅपटॉपची स्टिक तिरकी घालून, सोनेरी कडा आत गेल्यावर खाली दाबायची. दोन्ही क्लिपा आपोआप बसतात. डिस्प्ले आला नाही तर दहापैकी नऊ वेळा ती पूर्ण बसलेली नसते. एएम५ बोर्डावर नवी डीडीआर५ लावल्यावर मात्र पहिल्यांदा काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो, कारण बोर्ड मेमरीची जुळणी करत असतो. घाबरून स्विच बंद करू नये. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जुन्या स्टिकच्या पिनांवर थर चढतो. तो खोडरबराने घासण्याची पद्धत आहे, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड अधिक चांगले.

जुनी स्टिक घेतली असेल तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासण्याचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. एकही एरर आली तर ती स्टिक परत करावी. 'एकदोन चालतात' हे दुकानदाराचे म्हणणे ऐकू नये. नव्या स्टिकचे जीएसटी बिल जपावे आणि तिच्यावरचे अनुक्रमांकाचे स्टिकर काढू नये, कारण वॉरंटीचा दावा बहुधा त्यावरच ठरतो.

आपला,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, पुणे