उंदरांवरचा प्रयोग, हे शीर्षकात का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'आकडीच्या गोळीने नसांवरच्या गाठी थांबणार' ही बातमी आपण छापली त्या सकाळी नऊच्या आत मला तीन फोन आले. माझ्या मुलाला न्यूरोफायब्रोमॅटोसिस (टाइप १), म्हणजे नसांवर गाठी येणारा हाच आजार आहे. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, ही गोळी तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते!" मिळते खरी, म्हणूनच हे पत्र.

अमेरिकेतील सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हे २०२२चे संशोधन उंदरांवरचे. बातमीत ते होते, पण शेवटून दुसऱ्या ओळीत. लॅमोट्रिजिनने, म्हणजे बातमीतल्या त्या आकडीच्या गोळीने, अंगावर गंभीर पुरळ उठू शकते, मुलांत जास्तच. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू चढवतात. त्याबद्दल अक्षर नाही.

संशोधन मात्र विलक्षण आहे. या आजारात सतराव्या गुणसूत्रावरचे एक जनुक बिघडलेले असते. पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारे प्रथिन त्यातून बनते. ब्रेक गेला की नसेभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशी वाढून गाठ होते. (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव. 'कुत्र्याच्या पेशी' छापले नाहीत, हे नशीब!) नवी गोष्ट अशी, की बिघाड असलेल्या काही चेतापेशी नको इतके संदेश सोडत राहतात आणि त्यावरच गाठ पोसते; आकडीची गोळी हेच संदेश शांत करते. २०२१च्या एका प्रयोगात असाच बिघाड असलेली उंदरांची पिल्ले ठरावीक वयात अंधारात ठेवली, तर त्यांच्या डोळ्यांच्या नसेवर गाठ धरलीच नाही. उजेड नाही, म्हणून नसेत संदेशांची वर्दळ नाही. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या, त्रास देणाऱ्या गाठींसाठी सेल्युमेटिनिब या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२०मध्ये मान्यता मिळाली, तीही दोन वर्षांवरील मुलांसाठी. बातमीत त्याचे नावही नाही.

माझ्या मुलाच्या पाठीवरचे दूध-कॉफीच्या रंगाचे चट्टे आम्ही 'लासं आहेत' म्हणून दोन वर्षे सोडून दिले. सासूबाई ग्रहणाला बोल लावत, म्हणजे पर्यायाने मला. निम्म्या रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर! पुढच्या वेळी चौकट टाकाल तेव्हा एवढे छापा: लहान मुलाच्या अंगावर ५ मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा जास्त चट्टे दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एक आई, सातारा